मोजदाद

जानेवारीत आमच्याकडे लावणीची गडबड असते. रानात सऱ्या पाडून तयार, पाट चालू, आणि बांधावर बेण्याच्या मोळ्या सोडून बसलेली माणसं. आमचे आण्णा, म्हणजे थोरले चुलते, डाव्या हातात ऊस धरतात आणि कोयत्याच्या एका घावात दोन डोळ्यांची टिपरी पाडतात. डोळा दुखावला तर उगवण गेली, म्हणून नजर सगळी त्या डोळ्यावर. रस्त्यानं जाणारा थांबतो आणि विचारतो, "बेणं कुठलं?" उत्तर आकड्यात येतं. "शहाऐंशी-शून्य-बत्तीस." नाहीतर "दोनशे पासष्ट." माझ्या आजोबांच्या, आबांच्या तोंडी शेवटपर्यंत "चारशे एकोणीस" होतं. आंब्याला नाव असतं, ज्वारीला नाव असतं. ऊस आमच्या भागात नंबरानंच ओळखतात.

गेल्या लावणीला मी आण्णांना विचारलं, "आण्णा, नंबराच्या आधी 'को' लिहितात, ते कशाचं?"

"कोइमतूरचं. पाडेगावला शिबिराला गेल्तो, तवा सायबांनी सांगितलं हुतं."

"आणि तिथं ही बेणी काढतं कोण?"

"आता ते काय म्हाईत रं? असतील कोण तरी शास्त्रज्ञ."

हातातली टिपरी त्यांनी पाटीत टाकली आणि पुढचा ऊस घेतला.

कोइमतूरच्या त्या ऊस पैदास संस्थेत १९३४ ते १९३९ अशी पाच वर्षं एक बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उसाची आणि उसाच्या रानटी भाऊबंदांची गुणसूत्रं मोजत होत्या. त्यांचं नाव ई. के. जानकी अम्मल. त्यांच्या कामाचा ठसा नेमका कुठे उमटला, हे शोधण्यासाठी हा लेख आहे. कारण त्यांचं श्रेय आपण देतो खरं, पण ते भलत्याच ठिकाणी देतो, आणि मग जे खरं काम आहे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

गोडी कुणाची, चिवटपणा कुणाचा

महिला दिनाच्या सुमाराला जानकी अम्मल यांच्याविषयीचा एक मजकूर दरवर्षी हातोहात फिरतो. भारतातला ऊस फिका होता आणि या बाईंनी तो गोड केला, असं त्यात असतं. ऐकायला ही गोष्ट छान आहे. ती जशी सांगितली जाते तशी मात्र घडलेली नाही.

कोइमतूरची संस्था १९१२ साली सुरू झाली. उत्तरेकडचा ऊस बारीक, काटक आणि कमी उताऱ्याचा. जाड, रसाळ ऊस उष्ण प्रदेशातला, त्याला उत्तरेची थंडी सोसत नसे. दोन्हींचे गुण एकत्र कसे आणायचे, हा तिथला पहिला प्रश्न होता. सी. ए. बार्बर आणि त्यांच्यानंतर संस्थेची धुरा वाहणारे टी. एस. वेंकटरामन यांनी त्यावर उपाय काढला. त्यांनी जाड 'वेल्लै' उसाचा संकर थेट रानातल्या काश गवताशी केला. त्यातून आलेला 'को २०५' हा वाण १९१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती पडला. त्या वर्षी जानकी अम्मल मद्रासमध्ये शिकत होत्या.

काश आपल्याला परका नाही. पाऊस ओसरला की नवरात्राच्या तोंडावर नदीकाठी, ओढ्याकाठी पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांचं जे उंच गवत डोलताना दिसतं, तेच हे. उसाचा तो सख्खा नातलग. त्याच्या कांड्यात गोडी नावाला असते, पण पाणी तुंबो की आटो, ते मरत नाही, आणि कापावं तितकं फुटतं. दख्खनमध्ये पूर्वी पुंड्या ऊस लावत. जाड, मऊ, दातांनी सोलून खावा असा. पुंड्या त्या गोड, 'खानदानी' उसांच्या घराण्यातला. आज आपण लावतो त्या प्रत्येक वाणात ही दोन घराणी एकत्र नांदतात. गोडी पुंड्याच्या भाऊबंदांकडून आली. रोगाला तोंड देण्याची ताकद, भरपूर फुटवा आणि तोडणीनंतर जोमानं येणारा खोडवा यांत काशाचा मोठा वाटा आहे. जावा बेटातल्या डच संशोधकांनीही याच वाटेनं 'पीओजे २८७८' हा गाजलेला वाण काढला होता, आणि आबांचा चारशे एकोणीस हा त्याचाच मुलगा. १९५० मध्ये प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या काळात दख्खनच्या कालव्याखालच्या रानात या चारशे एकोणीसचा बोलबाला होता.

तेव्हा ऊस गोड करण्याचं श्रेय जानकी अम्मल यांच्या एकटीच्या पदरात टाकणं, हे बार्बर आणि वेंकटरामन यांच्यावर अन्याय करणारं आहे. खुद्द जानकी अम्मल यांच्यावरही ते अन्यायच करतं. त्यांनी कोइमतूरला मन लावून अभ्यासलं ते दुसरं घराणं, म्हणजे काश.

तेलिचेरी ते ॲन आर्बर

जानकी अम्मल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ चा, उत्तर मलबारातल्या तेलिचेरीचा. वडील ई. के. कृष्णन उपन्यायाधीश होते. त्यांना पक्ष्यांचा नाद होता, आणि भोवतालच्या पक्ष्यांविषयी ते लिहीतही असत. घर भावंडांनी भरलेलं, बागेची आणि पुस्तकांची आवड सगळ्यांनाच. समाज थिय्या, म्हणजे त्या वेळच्या मलबारात सवर्णांनी खालचा मानलेला. बहिणींची लग्नं होत गेली. जानकींनी शिक्षणाची वाट धरली आणि लग्न केलंच नाही. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजातून त्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेल्या, १९२१ मध्ये वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी घेतली आणि विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागल्या.

तिथून त्यांना अमेरिकेची वाट सापडली. मिशिगन विद्यापीठात आशियाई स्त्रियांसाठी 'बार्बर शिष्यवृत्ती' होती. तिच्या आधारानं त्यांनी ॲन आर्बरला आधी पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट. वनस्पतिशास्त्रात अमेरिकेची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. परत आल्यावर दोन वर्षं त्रिवेंद्रमच्या महाराजा कॉलेजात प्राध्यापकी केली आणि १९३४ मध्ये त्या कोइमतूरला ऊस-आनुवंशिकीच्या तज्ज्ञ म्हणून रुजू झाल्या. पुढच्याच वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नुकत्याच स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं.

मोजणं म्हणजे काय

गुणसूत्रं मोजणं हे काम वाचणाऱ्याला कारकुनी वाटेल. ज्यानं ते एकदा केलं आहे त्याला तसं वाटत नाही.

बीएस्सीला आमचं वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल सकाळी असायचं. पाण्याच्या ग्लासावर ठेवलेल्या कांद्याला मुळ्या फुटलेल्या असत. मुळीचं जेमतेम दोन मिलिमीटर टोक कापायचं, सौम्य आम्लात मऊ करायचं, काचपट्टीवर ठेवून वर ॲसिटोकार्मिनचा लाल थेंब सोडायचा, पट्टी दिव्यावर हलकेच शेकायची, वर काचेचं झाकण, त्यावर टीपकागद, आणि अंगठ्यानं सरळ दाब. अंगठा जरा सरकला की पेशी चुरगळल्या, सगळं वाया. जमलं तर हजार पेशींतून एखादी अशी सापडते की तिची गुणसूत्रं लाल काड्यांसारखी मोकळी पसरलेली असतात. कांद्यात ती फक्त सोळा, तीही चांगली लांब. तरी माझी पहिल्यांदा चौदा भरली, मग सतरा. आमच्या बाईंनी काचपट्टी न हलवता स्वतः मोजली आणि म्हणाल्या, "दोन एकमेकांवर पडलीत. पुन्हा कर." ते 'पुन्हा कर' मी अजून विसरलेलो नाही.

आता हेच उसात करायचं. गोड घराण्याच्या उसात गुणसूत्रं ऐंशी. काशात ती चाळीसपासून एकशे अठ्ठावीसपर्यंत कितीही, झाड कुठल्या प्रदेशातलं आहे त्यावर अवलंबून. संकरित उसात शंभर ते एकशे तीसच्या दरम्यान, बारीक, एकमेकांवर चढलेली. छायाचित्रावर भागत नाही. भिंगाची पातळी वरखाली करत प्रत्येक काडी कागदावर चितारावी लागते.

मोजण्यात चूक होणं किती सोपं आहे याचा सगळ्यात मोठा दाखला आपला स्वतःचा आहे. माणसाच्या पेशीत अठ्ठेचाळीस गुणसूत्रं असतात असं जगभरची पाठ्यपुस्तकं तीसेक वर्षं छापत होती. ती सेहेचाळीस असतात हे १९५६ मध्ये जो हिन ट्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी दाखवून दिलं, आणि या दोघांचाही हात वनस्पतींची गुणसूत्रं मोजण्यात तयार झालेला होता.

काशाची वंशावळ

कोइमतूरला जानकी अम्मल यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या काशाची मोजणी केली. दिसायला सारखंच गवत, पण गुणसूत्रांची संख्या जागेगणिक वेगळी, आणि त्या संख्या पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या. एखाद्या झाडात गुणसूत्रांचे दोन संच असतात तसे काशात पाच, आठ, दहा, कधी त्याहून जास्त. याला वनस्पतिशास्त्रात बहुगुणितता म्हणतात. १९३६ मध्ये त्यांचा काशाच्या पेशींवरचा शोधनिबंध आला. कुठल्या काशाचा संकर कुठल्या उसाशी केला तर पिलावळ कशी येईल, ती वांझ निघेल की बी धरेल, या प्रश्नाचं उत्तर या संख्यांमध्ये दडलेलं होतं. पैदासकाराच्या हातातला तो नकाशाच होता.

मग त्यांनी आणखी दूरचे संबंध तपासले. ऊस बारा-अठरा महिने रान अडवून बसतो, मका शंभर-सव्वाशे दिवसांत मोकळा होतो. दोघांचा संकर झाला तर? 'नेचर' नियतकालिकात १९३८ मध्ये त्यांचं ऊस आणि मका यांच्या संकरावरचं टिपण आलं. १९४१ मध्ये 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये उसाच्या दुसऱ्या प्रजातींशी झालेल्या संकरांवरचा निबंध आला. हे संकर शेतात उतरले नाहीत; त्यातून कुणाच्या बांधावर बेणं आलं नाही. ऊस किती दूरच्या नातलगाशी जुळवून घेऊ शकतो आणि कुठे थांबतो, हे मात्र त्यातून कळलं. आज कोइमतूरचे पैदासकार दुष्काळ आणि रोग सोसणारा ऊस मिळावा म्हणून रानटी नातलगांकडे वळतात, तेव्हा ते याच प्रश्नावर काम करत असतात.

आमच्या रानात उसाला तुरा आला की आण्णांचं तोंड उतरतं. तुऱ्यानं वाढ थांबते, कांड्यात दशी पडते, वजन घटतं. पैदासकाराला मात्र तुराच हवा असतो, कारण त्याशिवाय संकर नाही. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं पैदाशीसाठी सह्याद्रीच्या माथ्यावरची आंबोली निवडली ती यासाठीच. तिथल्या दमट हवेत उसाला तुरा चांगला येतो. असे संकर करणं आणि त्यांच्या पेशींतली गुणसूत्रं पाहणं, हे कोइमतूरला जानकी अम्मल यांचं काम होतं.

तिथले दिवस सुखाचे नव्हते. पुरुषांच्या संस्थेत एकटी स्त्री, अविवाहित, आणि जातीनं सवर्ण नसलेली. तिथे त्यांना जो दुजाभाव सोसावा लागला त्याबद्दल त्यांच्या अभ्यासकांनी लिहिलं आहे. सावित्री प्रीता नायर यांनी त्यांचं सविस्तर चरित्र इंग्रजीत लिहिलं आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ते मुळातून वाचावं.

काचा झाडून पुन्हा

ऑगस्ट १९३९ मध्ये एडिंबरोला आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद भरली. जानकी अम्मल तिथे गेल्या, आणि परिषद संपते न संपते तोच महायुद्ध सुरू झालं. त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. लंडनच्या दक्षिणेला मर्टनमध्ये जॉन इन्स संस्था होती; तिथे सिरिल डार्लिंग्टन या गुणसूत्रशास्त्रातल्या अग्रणी संशोधकाबरोबर १९४० पासून त्यांनी काम केलं. रात्री बॉम्ब पडू लागले की पलंगाखाली शिरायचं आणि सकाळी फुटलेल्या काचा झाडून कामाला बसायचं, अशा आठवणी त्यांनी पुढे घरच्यांना सांगितल्या.

त्या काळोखातून १९४५ मध्ये एक पुस्तक बाहेर आलं: 'क्रोमोसोम ॲटलास ऑफ कल्टिव्हेटेड प्लांट्स'. लेखक सी. डी. डार्लिंग्टन आणि ई. के. जानकी अम्मल. माणसानं लावलेल्या, जोपासलेल्या हजारो वनस्पती, त्यांच्या गुणसूत्रांची संख्या, त्या मूळच्या कुठल्या, कशासाठी वापरतात, आणि कुणी मोजल्या, हे सगळं एका ठिकाणी. यातल्या असंख्य मोजण्या जगभरच्या संशोधकांच्या होत्या. त्या गोळा करणं, ताडून पाहणं, चुकीच्या वगळणं आणि उरलेली पोकळी स्वतः मोजून भरणं हे लेखकांचं काम होतं. भात असो, गहू असो, कापूस असो की गुलाब, संकर करायला निघालेल्या माणसाला पहिल्यांदा जे पान उघडावं लागतं ते या पुस्तकातलं होतं. आणि हे पुस्तक छापलं गेलं तेव्हा माणसाच्या गुणसूत्रांचा खरा आकडा माणसाला अजून सापडलेला नव्हता.

पुस्तकानंतर त्या विस्लीला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत गेल्या. कोल्चिसिन हे द्रव्य वापरून पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करता येतात. त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर हा प्रयोग केला. ती झाडं विस्लीच्या टेकडीवर वाढली, फुलली. त्यातल्या एका छोट्या पांढऱ्या फुलाच्या मॅग्नोलियाला त्यांचंच नाव आहे.

परत, आणि पुन्हा बाजूला

१९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या भारतात परतल्या. १८९० साली कलकत्त्यात स्थापन झालेली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था तेव्हा मरगळलेली होती. तिची पुनर्रचना करण्यासाठी त्यांना विशेष कार्य अधिकारी नेमलं गेलं. आपल्या देशातल्या वनस्पती आपल्या देशातल्या माणसांनी, आपल्या गरजा समोर ठेवून अभ्यासाव्यात, आणि वाळवलेल्या नमुन्यांच्या जोडीला पेशीचाही अभ्यास व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. या पुनर्रचनेतून संस्थेची प्रादेशिक केंद्रं उभी राहिली. पुण्याचं पश्चिम विभागाचं केंद्र त्यातलंच, १९५५ सालचं. सह्याद्रीतलं एखादं अनोळखी फूल ओळखायचं असलं की आपल्याकडचे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आजही त्या केंद्राच्या वाळवलेल्या नमुन्यांकडे जातात.

पुनर्रचना झाली, पण संस्थेच्या प्रमुखपदी नेमणूक झाली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले प्राध्यापक फादर सांतापाव यांची. मूळचे स्पेनचे जेझुइट, पुढे भारताचे नागरिक झालेले, 'फ्लोरा ऑफ खंडाळा'चे कर्ते. महाराष्ट्रातल्या वनस्पतींच्या अभ्यासावर त्यांचे उपकार मोठे आहेत, आणि ते नाकारण्याचं कारण नाही. जानकी अम्मल यांना मात्र ही निवड मनापासून लागली. वाळवलेल्या नमुन्यांवर भर देणारी लंडनच्या क्यू बागेची जुनी परंपराच पुन्हा वरचढ ठरली, असं त्यांना वाटलं. त्यांच्याकडे अलाहाबादच्या केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळेची जबाबदारी आली, पुढे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं, काही काळ ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही. १९७० मध्ये त्या मद्रासला आल्या आणि अखेरपर्यंत मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात मानद शास्त्रज्ञ म्हणून काम करत राहिल्या.

या वर्षांत त्यांची मोजणी हिमालयाकडे वळली. ईशान्येच्या थंड आणि ओल्या डोंगरांत एकेका प्रजातीतून नव्या जाती जितक्या जोमानं निपजतात तितक्या वायव्येच्या थंड, कोरड्या डोंगरांत निपजत नाहीत, आणि ईशान्येत चीनकडची आणि मलायाकडची वनस्पतिसृष्टी एकत्र येऊन नैसर्गिक संकर होतात, हे त्यांनी गुणसूत्रांच्या आधारानं मांडलं. उसाच्या शेतात सुरू झालेलं मोजणं आता साऱ्या उपखंडाचा इतिहास सांगू लागलं होतं.

पन्नाशीच्या दशकातला एक प्रसंग त्यांनी डार्लिंग्टन यांना पत्रानं कळवला होता. शिलाँगपासून सदतीस मैलांवर, आसामच्या त्या भागात 'मॅग्नोलिया ग्रिफिथिआय'चं एकच झाड उरलं होतं. ते पाहायला त्या गेल्या. पोचल्या तेव्हा ते जाळून टाकलेलं होतं. अधिक धान्य पिकवा, या मोहिमेचे ते दिवस होते.

१९५५ मध्ये प्रिन्स्टनला पृथ्वीचं रूप बदलण्यातला माणसाचा वाटा या विषयावर मोठा परिसंवाद भरला. निमंत्रितांमध्ये स्त्री एकच, जानकी अम्मल. त्या बोलल्या भारतातल्या पोटापुरत्या शेतीविषयी, आदिवासींच्या पिकांविषयी. आणि ऐंशी वर्षांच्या झाल्यावर, केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाणार म्हणताच त्या आंदोलनात उतरल्या आणि त्या दरीतल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांची पाहणी त्यांनी हाती घेतली. जे जाणार आहे त्याची निदान मोजदाद तरी व्हावी, हा त्यांचा हिशेब होता. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. नातलगांनी लिहिलेल्या आठवणींत त्या उंच, पिवळ्या साडीतल्या, स्वतःविषयी बोलायला नाखूष असलेल्या दिसतात. आपलं काम तेवढं मागे राहील, असं त्या म्हणत.

ठसा कसा मोजायचा

मग काम राहिलं का? आज संशोधकाच्या कामाचं वजन करण्याची साधनं ठरलेली आहेत. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये कुणी कुणाच्या निबंधाचा हवाला दिला याची सूची काढली. २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' दिला. प्राध्यापकाची बढती, प्रकल्पाचा निधी, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, सगळीकडे हे आकडे विचारले जातात. ही साधनं मुळात वाईट हेतूनं केलेली नाहीत. पण ती एकच गोष्ट मोजतात: तुमचं नाव किती वेळा उच्चारलं गेलं. जानकी अम्मल यांचं काम अशा जातीचं होतं की ते जितकं रुळलं तितकं नाव मागे पडलं. भात चोवीस, कांदा सोळा, ऊस ऐंशी हे आकडे आपण पाठ्यपुस्तकातून घोकतो. त्यांच्यापुढे कुणी मोजणाऱ्याचं नाव लिहीत नाही.

आणि एक नाव तर छापील पानावरूनच गेलं. 'ॲटलास'ची वाढवलेली, सगळ्या सपुष्प वनस्पतींना कवेत घेणारी दुसरी आवृत्ती १९५५ मध्ये निघाली. तिच्या मुखपृष्ठावर डार्लिंग्टन आणि वायली अशी दोन नावं आहेत. आवृत्ती नव्यानं रचलेली होती, जानकी अम्मल तेव्हा भारतात होत्या. कारणं देता येतात. पण त्यानंतर जगभर हवाला दिला गेला तो या नव्या जोडीचा, आणि बॉम्बच्या काचा झाडून जिनं पाया घातला ती जुन्या आवृत्तीबरोबर कपाटात गेली. सूचीत शोधलं तर ही पोकळी दिसणार नाही, कारण जे नाव लिहिलंच गेलं नाही ते मोजलं कसं जाणार?

म्हणून मला वाटतं की वनस्पतिशास्त्रातल्या कामाचा ठसा पाहायचा तर दोन गोष्टी विचाराव्यात. या माणसानं केलेलं मोजमाप पुढच्याला पुन्हा करावं लागलं का? आणि त्याच्या वाटेवरून पुढे कोण, कुठवर गेलं? जानकी अम्मल यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांपुढे आहे. २०१८ मध्ये काशाचा जनुकसंच उलगडला गेला. २०२४ मध्ये 'आर ५७०' या लागवडीच्या उसाचा तपशीलवार जनुकसंच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. कुठलं गुणसूत्र पुंड्याच्या घराण्यातलं, कुठलं काशाचं, आणि कुठे दोघांचे तुकडे सांधले गेले, हे आता गुणसूत्रागणिक वाचता येतं. पिकांच्या जनुकसंचांत हा अतिशय गुंतागुंतीचा मानला जातो, आणि गुंता तोच आहे जो १९३६ मध्ये कोइमतूरच्या एका टेबलावर कागदावर चितारला जात होता.

भारत सरकारनं त्यांना १९७७ मध्ये पद्मश्री दिली. वनस्पतींच्या वर्गीकरणातल्या कामासाठी केंद्र सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. हे योग्यच आहे. पण सन्मान वर्षातून एकदा होतो आणि हवाला रोज द्यायचा असतो.

म्हणून ही विनंती, विशेषतः वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांना. पुढच्या प्रॅक्टिकलला फळ्यावर 'ऊस, ऐंशी' लिहाल, तेव्हा शेजारी हे आकडे जगाला एका ठिकाणी मिळवून देणाऱ्या बाईंचंही नाव लिहा. 'ऊस गोड करणारी बाई' म्हणून सांगू नका. काशाची गुणसूत्रं मोजणाऱ्या आणि 'ॲटलास'च्या पहिल्या आवृत्तीच्या सहलेखिका, असं सांगा. विद्यार्थ्यांना त्यातून हेही कळेल की शास्त्रात नीट मोजलेली एक संख्या नव्वद वर्षं टिकते.

आण्णांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नाव दोनदा विचारून घेतलं. परवा बांधावर कुणीतरी बेणं विचारलं. "शहाऐंशी-शून्य-बत्तीस. कोइमतूरचं," आण्णा म्हणाले, आणि पुढे, "तिथं एक जानकीबाई हुत्या, त्यांनी ह्याचा वंश मोजला."